बोअरमधून पाणी उसळलं म्हणजे गीझर का? बिलोलीच्या खडकाखाली काय आहे आणि काय नाही

बोअरची गाडी शेतात उभी आहे, आजूबाजूला गाव जमलंय आणि अचानक भोकातून पाण्याचा फवारा झाडाच्या शेंड्यापर्यंत जातो. मराठवाड्यातले असे व्हिडिओ दरवर्षी मोबाइलवर फिरतात. चांगल्या पावसानंतर आणखी एक दृश्य दिसतं. मोटार बंद असते, वीजही नसते, तरी बोअरच्या केसिंगमधून पाणी आपोआप वाहत राहतं.

अशा व्हिडिओंखाली तीन तर्क हमखास लढवले जातात. खाली ज्वालामुखी आहे, खालून गुप्त नदी वाहते किंवा इथं कधीही न संपणारा साठा लागलाय. अलीकडे त्यात 'हा तर गीझर' अशी भर पडली आहे. नांदेड, हिंगोली आणि लातूर भागात भूकंपाचे धक्के आणि जमिनीतले आवाज अनुभवाला आलेले असल्यामुळे या तर्कांना भीतीचीही जोड मिळते.

बिलोली, देगलूर, मुखेडच्या शेतकऱ्यासाठी हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. उसळणाऱ्या पाण्याचा अर्थ चुकीचा लावला, तर त्याच भरवशावर उसाची लागवड होते, शेजारी आणखी दोन बोअर घेतले जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये तिन्ही कोरडे पडतात. म्हणून गीझर म्हणजे काय, तो कसा उसळतो आणि आपल्याकडे उसळणारं पाणी कशामुळे उसळतं, हे समजून घेणं गरजेचं आहे.

गीझर म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे गीझर म्हटलं की न्हाणीघरातलं पाणी तापवण्याचं यंत्र आठवतं. हा शब्द मात्र आइसलँडचा. तिथल्या हाउकादालूर खोऱ्यात 'गेसिर' नावाचा एक प्रसिद्ध उष्ण झरा आहे. आइसलँडच्या भाषेत त्या नावाचा अर्थ 'उसळणारा' असा होतो. पुढे जगभरच्या अशा सगळ्या झऱ्यांना तेच नाव पडलं आणि शेवटी ते यंत्रालाही चिकटलं. मराठी पुस्तकांत 'गायझर' असंही लिहिलेलं आढळतं.

गरम पाण्याचा प्रत्येक झरा गीझर नसतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव, नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर हे सगळे उष्ण झरे आहेत. यातल्या अनेक नावांत 'ऊन' म्हणजे गरम हा अर्थ दडलेला आहे. तिथं पाणी संथपणे येतं आणि वाहून जातं. गीझर मात्र काही काळ शांत असतो, मग पाणी आणि वाफ जोरात वर फेकतो आणि पुन्हा शांत होतो. हे चक्र चालू राहतं.

जगात असे गीझर जेमतेम हजारभर आहेत. त्यातले निम्म्याहून अधिक अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आहेत. बाकीचे मुख्यतः रशियातल्या कामचाटकामध्ये, चिलीतल्या एल तातिओमध्ये, न्यूझीलंडमध्ये आणि आइसलँडमध्ये आढळतात.

पाणी उसळतं कसं?

हे समजायला घरातला कुकर पुरेसा आहे. उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसला उकळतं. कुकरचं झाकण लावलं की आत दाब वाढतो आणि पाणी १०० अंश ओलांडूनही लगेच उकळत नाही. दाब जितका जास्त, तितका उकळबिंदू वर जातो.

गीझरला लोखंडी झाकण नसतं. जमिनीतली अरुंद, खोल फट पाण्यानं भरलेली असते आणि वरच्या पाण्याचं वजनच झाकणाचं काम करतं. दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे १० मीटर खाली पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं, तर १०० मीटर खाली त्याला जवळजवळ १८४ अंश तापमान लागतं.

तळाचा खडक खूप तापलेला असतो. तिथलं पाणी १०० अंशांच्या कितीतरी पुढं जातं, पण वरच्या वजनामुळे ते पाणीच राहतं. हळूहळू काही बुडबुडे तयार होतात आणि वर सरकतात. त्यांच्या रेट्यानं तोंडाशी असलेलं थोडं पाणी बाहेर सांडतं.

खरी घडामोड इथून सुरू होते. थोडं पाणी सांडलं की खालचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की उकळबिंदू खाली येतो आणि आधीच तापून बसलेलं पाणी एका क्षणात उकळतं. एक लिटर पाण्याची साध्या दाबाला वाफ झाली की ती सुमारे १,६०० लिटर जागा व्यापते. ही वाफ वरचं सगळं पाणी आकाशात फेकते. त्यामुळे दाब आणखी घटतो, आणखी खोलवरचं पाणी उकळतं आणि फट रिकामी होईपर्यंत उद्रेक चालतो. मग आजूबाजूच्या खडकांतून पाणी पुन्हा झिरपतं, तापतं आणि पुढच्या उद्रेकाची तयारी होते.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरला ज्यांचं नाव आहे, त्या रॉबर्ट बुन्सेन यांनी १८४६ मध्ये आइसलँडला जाऊन गेसिरच्या नळीतली तापमानं मोजली आणि या स्पष्टीकरणाचा पाया घातला. पुढे संशोधकांनी कामचाटकातल्या गीझरांच्या नळीत कॅमेरे सोडून पाहिलं. तिथं वाफ अडकून राहील असे बाजूचे कप्पे आणि वळणं सापडली. म्हणजे नळीची ठेवणही महत्त्वाची ठरते.

यलोस्टोनमधला 'ओल्ड फेथफुल' साधारण दीड तासाच्या अंतरानं उसळतो आणि त्याचा फवारा ३० ते ५५ मीटरपर्यंत जातो. आइसलँडमधला 'स्ट्रोक्कुर' दर ६ ते १० मिनिटांनी उसळतो.

चार गोष्टी जुळाव्या लागतात

गीझर इतके दुर्मीळ का, याचं उत्तर या यंत्रणेतच आहे. त्यासाठी चार गोष्टी एकाच जागी लागतात.

- कमी खोलीवर प्रचंड उष्णता. ती बहुधा जमिनीखालच्या तप्त शिलारसाकडून मिळते.
- सतत भरत राहणारं भूजल.
- अरुंद, मजबूत नळी. यलोस्टोनसारख्या ठिकाणी खडकातली सिलिका गरम पाण्यात विरघळते आणि नळीच्या भिंतींवर थर देऊन ती लिंपून टाकते. त्यामुळे दाब बाजूनं निसटत नाही.
- दाब साठेल अशी नळीची ठेवण.

यातली एक गोष्ट जरी कमी पडली, तरी फार तर साधा उष्ण झरा तयार होतो.

मराठवाड्यात गीझर का नाही?

इथं हमखास एक शंका निघते. महाराष्ट्राचा काळा पाषाण तर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचाच आहे, मग खाली उष्णता नाही का?

दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला. तो केव्हाच थंड झाला आहे. बिलोली, देगलूर, मुखेडच्या पट्ट्यात तर या काळ्या पाषाणाची कडा संपत येते आणि त्याखालचा ग्रॅनाइट-नाइस खडक उघडा पडतो. हा खडक २५० कोटी वर्षांहून जुना आहे. अशा जुन्या, स्थिर भूभागाखाली शिलारस वर येऊन साठलेला नाही.

मग उनकेश्वरचं पाणी गरम कसं? किनवट तालुक्यात पैनगंगेच्या परिसरात असलेल्या या झऱ्याचं नातं लोकश्रद्धा शरभंग ऋषींशी जोडते आणि त्वचारोगावर गुण येतो म्हणून लोक तिथं स्नानाला जातात. या पाण्याचं तापमान ४० अंशांच्या आसपास असतं. एवढ्यासाठी ज्वालामुखी लागत नाही.

जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढतं. खंडांच्या जुन्या भागांत ही वाढ ढोबळमानानं दर किलोमीटरला २० ते ३० अंश असते. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून अर्धा-एक किलोमीटर खाली गेलं आणि दुसऱ्या भेगेतून लवकर वर आलं, तर ते ४० अंशांचं असू शकतं. याच हिशेबानं पाणी १०० अंशांपर्यंत तापायला साधारण तीन किलोमीटर खोल जावं लागेल. वर येताना ते पुन्हा निवतं ते वेगळंच. कोकणातल्या सर्वांत गरम झऱ्यांचं तापमानही ७० अंशांच्या आसपासच थांबतं. उकळण्याइतकी उष्णता वरच्या थरात नसल्यामुळे महाराष्ट्रात गीझर नाही.

मग बोअर का उसळतो?

बोअरमधून उसळणारं पाणी हात लावला तर थंड किंवा कोमट असतं. म्हणजे त्याला वर ढकलणारी शक्ती वाफेची नाही. त्यामागे बहुतेक वेळा पुढच्यापैकी एक कारण असतं.

पहिलं कारण म्हणजे कॉम्प्रेसर. बोअरची गाडी जोरदार हवेच्या दाबावर हातोडा चालवते आणि खडकाचा चुरा वर फेकते. पाण्याची भेग लागली की तीच हवा पाणीही वर फेकते. बहुतेक व्हायरल व्हिडिओंतला उंच फवारा हा असतो. कॉम्प्रेसर बंद केला की तो काही क्षणांत बसतो.

दुसरं कारण म्हणजे पावसानंतर चढलेली पातळी. टेकडीच्या बाजूला किंवा वरच्या शेतात मुरलेलं पाणी भेगांतून उताराकडे येतं. वरच्या बाजूची पाणीपातळी खालच्या बोअरच्या तोंडापेक्षा उंच असेल, तर पाणी मोटारीशिवाय बाहेर येतं. गावातल्या उंच टाकीचं पाणी खालच्या नळाला जोरानं येतं, त्यातलाच हा प्रकार. २०२५ सारख्या अतिवृष्टीच्या वर्षी असं होणं स्वाभाविक आहे.

तिसरं कारण म्हणजे दोन घट्ट थरांमध्ये दाबाखाली अडकलेलं पाणी. वरचा थर भेदला की ते उसळी घेतं. अशा बोअरला आर्टेशियन विहीर म्हणतात. शिवाय खोलवर कार्बन डायऑक्साइड साठलेला असेल तर थंड पाण्याचाही फवारा उडू शकतो. जर्मनीतल्या आंडरनाख इथं असा फवारा ५० मीटरच्या वर जातो, पण तोही बोअर घेतल्यामुळे तयार झालेला आहे.

कधी कारण याहून साधं असतं. मार्च २०२३ मध्ये यवतमाळ शहरात रस्ता फाडून पाणी उसळलं आणि दुचाकीवरून जाणारी एक महिला जखमी झाली. तिथं जमिनीखालची पाइपलाइन फुटली होती.

जैसलमेरमध्ये काय झालं होतं?

डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात राजस्थानातल्या जैसलमेर जिल्ह्यात मोहनगड भागात एका शेतात बोअर घेताना, साधारण ८५० फुटांच्या खाली गेल्यावर पाणी एवढ्या जोरात उसळलं की आजूबाजूची जमीन खचली आणि यंत्रासकट ट्रक त्यात गेला. शेताचं तळं झालं. लुप्त सरस्वती प्रकटली अशी चर्चा देशभर रंगली.

भूजल शास्त्रज्ञांनी ते घट्ट थराखाली दाबून राहिलेलं आर्टेशियन पाणी असल्याचं सांगितलं. सुमारे दोन दिवसांनी प्रवाह आपोआप थांबला. पाण्यामागची नदी आटली म्हणून तो थांबला नव्हता. साठलेला दाब निघून गेला होता.

धक्के, आवाज आणि पाणी

हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. दोन्ही वेळा नांदेड आणि परभणीपर्यंत जमीन हादरली. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात अनेक वर्षं, तर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येत असल्याच्या तक्रारी झाल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण असलेल्या भागात लोक घाबरणं साहजिक आहे.

पण हे धक्के शिलारस हलल्यामुळे बसत नाहीत. जुन्या खडकात साठलेला ताण भेगांवर मोकळा होतो, तेव्हा जमीन हादरते. किल्लारीत भूकंपानंतर संशोधनासाठी ६१७ मीटर खोल बोअर घेण्यात आला. त्यात ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला आणि खाली जुना स्फटिकी खडक लागला. ज्वालामुखीचा मागमूस नव्हता.

भूकंपाचा पाण्यावर परिणाम मात्र होतो. भेगा उघडतात किंवा बुजतात, विहिरींची पातळी बदलते. यलोस्टोनमध्ये १९५९ च्या भूकंपानंतर अनेक झऱ्यांचं वागणं बदललं होतं. त्यामुळे धक्क्यानंतर एखाद्या विहिरीचं पाणी गढूळ झालं किंवा वर-खाली झालं, तर ती नोंदवण्यासारखी गोष्ट आहे. ज्वालामुखी जागा झाल्याचा तो पुरावा नाही.

दाब खर्च झाला की उसळीही जाते

गीझरांच्या इतिहासातला एक धडा मराठवाड्याला थेट लागू पडतो. न्यूझीलंडमध्ये वैराकेई इथं १९५८ मध्ये भूगर्भातल्या वाफेवर वीजनिर्मिती सुरू झाली. बोअरमधून वाफ आणि पाणी काढलं जाऊ लागल्यावर जवळच्या खोऱ्यातले प्रसिद्ध गीझर काही वर्षांतच शांत झाले.

त्याच देशातल्या रोटोरुआ शहरात घरं आणि हॉटेलं गरम ठेवण्यासाठी लोकांनी खासगी बोअर घेतले होते. तिथले गीझर मंदावू लागले, तेव्हा सरकारनं १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'पोहुटू' गीझरपासून दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करायला लावले. त्यानंतर जमिनीखालची पाणीपातळी चढली आणि काही झरे पुन्हा जिवंत झाले.

उष्णता असो वा नसो, जमिनीतून स्वतःहून वर येणारं पाणी दाबावर येतं. बोअरची संख्या आणि खोली वाढली की तो दाब वाटला जातो आणि संपतो. बिलोलीसारख्या ग्रॅनाइटच्या भागात तर पाणी फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या मोजक्या भेगांत असतं. एका शेतात उसळलेला बोअर आणि शेजारच्या शेतातला बोअर एकाच भेगेवर असू शकतात. दुसरा बोअर झाला की पहिल्याची उसळी जाते, याचा अनुभव अनेक गावांना आहे.

महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटर म्हणजे सुमारे २०० फुटांहून खोल विहिरींवर निर्बंधांची तरतूद आहे ती याचसाठी. प्रत्यक्षात मराठवाड्यात अनेक बोअर याहून कितीतरी खोल जातात.

जमिनीतल्या उष्णतेचं नवं धोरण

केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशभरात ३८१ उष्ण झरे नोंदवले आहेत आणि १०,६०० मेगावॉट क्षमतेचा अंदाज सांगितला जातो. वीजनिर्मितीसाठी सर्वाधिक आशा लडाखमधल्या पुगा खोऱ्याकडून आहे. सुमारे ४,४०० मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळतं आणि काही झरे त्या तापमानाजवळ पोहोचलेले आहेत. तिथं ऑगस्ट २०२२ मध्ये बोअर घेताना गरम पाणी ओढ्यात गेल्यानं प्रदूषणाची तक्रार झाली होती.

बिलोलीला जवळचं उदाहरण शेजारच्या तेलंगणातलं आहे. गोदावरी खोऱ्यातच, मणुगुरू इथं सिंगरेणी कोळसा कंपनीच्या भागात गरम पाणी आपोआप वाहणाऱ्या बोअरवर २० किलोवॉटचा प्रायोगिक संच उभारण्यात आला. हे प्रमाण काही शेतीपंप चालतील एवढंच आहे. उनकेश्वरच्या ४० अंशांच्या पाण्यावर त्याहून मोठी अपेक्षा ठेवता येणार नाही. तिथं वीज काढण्यापेक्षा झऱ्याभोवतीच्या खोल बोअरांवर लक्ष ठेवणं हा अधिक व्यवहारी उपाय आहे, कारण झरा आटला तर स्नानाची परंपरा आणि यात्रेवर चालणारी दुकानं दोन्ही थांबतील.

पाणी उसळलं तर काय करावं?

- पाण्यापासून लांब उभं राहावं. फवाऱ्यानं माती वाहून गेली की तोंडाजवळची जमीन खचू शकते.
- कॉम्प्रेसर बंद करून पाहावं. फवारा बसला तर प्रश्न मिटला.
- साध्या तापमापकानं पाणी मोजावं आणि रोजची नोंद ठेवावी. विहिरींच्या पाण्याचं तापमान एरवीही बाराही महिने फारसं बदलत नाही. ते ४० अंशांकडे गेलं तरच ते वेगळं आहे.
- वास येत असेल किंवा पाण्यात सतत बुडबुडे असतील तर ते पिऊ नये आणि जवळ आगकाडी पेटवू नये.
- जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयाला कळवावं. ही यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजते.
- बोअर आपोआप वाहत असेल तर केसिंगला झाकण आणि व्हॉल्व्ह बसवावा. ओढ्यात वाहून जाणारं पाणी उन्हाळ्यातल्या पाण्यातूनच वजा होतं.
- वाहता बोअर पाहून पीक ठरवू नये. त्याची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात मोजावी. मे महिन्यातला आकडा त्या बोअरची खरी ताकद सांगतो.